बैलाचा खांदा : एक दिवस लोणी, बाकीचे दिवस काय?

पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या सांजेला आपल्याकडे खांदेमळणी होते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर, बाकी बहुतेक मुलखात श्रावणी अमावस्येला पोळा, तर काही भागांत तोच भाद्रपदात. दिवस निराळे, रीत एकच. गरम पाण्याने खांदा शेकायचा, तुपात नाहीतर लोण्यात हळद कालवून तो मळायचा आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचे. शेतकरी बंधू-भगिनींनो, जुन्या माणसांनी बैलाचा पाय नाही, पाठ नाही, नेमका खांदाच मळायला का सांगितला असेल?

कारण आपला सगळा संसार त्याच जागेवरून ओढला जातो. घोड्याला गळपट्टा घालून जुंपले, तर ओढ त्याच्या छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर वाटली जाते. बैलाचे तसे नाही. वशिंडाच्या पुढे मानेवर लाकडी जू बसते, शिवळा त्याला जागेवर धरतात, आणि बैल पुढे रेटू लागला की नांगराची, कुळवाची, गाडीची सारी ओढ जू आणि मान जिथे टेकतात त्या जेमतेम वीतभर जागेवर येते. दिवसभर टिकेल अशी बैलाची ओढ त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी धरतात. म्हणजे ४०० किलोचा बैल ४० किलोची ओढ काढणार. आकडा लहान वाटेल. पण नांगराचे तास २० सेंटिमीटर रुंद धरा आणि एक एकराचा हिशेब घाला. जोडीला २० किलोमीटर चालावे लागते, तेही ढेकळांतून. बांधावरची वळणे वेगळीच.

आता कुणी म्हणेल, ट्रॅक्टर दारात आला, बैलाचे एवढे कौतुक कशाला? नांगरट ट्रॅक्टरने होते, हे खरे आहे. पण ज्याचे रान दोन-तीन एकर, त्याचेही चार तुकडे, त्यातल्या एकाला वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, त्याला विचारा. उभ्या पिकात कोळपे धरायचे, तर तोंडाला मुसकी बांधलेली जोडी दोन ओळींमधून अशी चालते की रोपाला खूर लागत नाही. जाणत्या बैलाला तास सांगावे लागत नाही, तो धरूनच चालतो. नाशिक-अकोले भागातल्या डोंगरात, जिथे पाऊस थांबत नाही, तिथे डांगी बैल भाताच्या चिखलात उभा राहतो. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगात मुरत नाही. सोलापूर-सांगलीचा खिल्लार चालीला चपळ, उदगीरकडचा देवणी, कंधारचा लाल कंधारी, वर्ध्याकडचा गवळाऊ, जिथल्या मातीला जो लागला तो तिथे घडला. शेण रानात टाकणे, वैरण घरी आणणे, बाजाराच्या दिवशी पोती नेणे ही रोजची कामे तर कुणी मोजतही नाही.

असा गडी एका गाठीने बसतो. तिला आपण खांदा आला, खांदा सुजला म्हणतो. बहुतेक वेळा दोष जुंपण्यात असतो.

पहिले कारण जोडी. एक बैल उंच, दुसरा बुटका, की जू कलते आणि एकाच्या मानेत रुतते. सावडीत हे फार घडते. एकेक बैलवाले दोघे एकत्र येतात, दोघांचीही कामे उरकतात, पण जोड कशी जमली ते बघायला कुणाला वेळ नसतो. दुसरे कारण खुद्द जू. जिथे मान टेकते तिथे लाकूड रुंद, गोल आणि गुळगुळीत हवे. कड निघालेली, गाठ राहिलेली, खिळा डोकावणारा असे जू अजून कितीतरी गोठ्यांत दिसेल. तिसरे कारण पाणी. पावसात भिजलेली मान मऊ पडते, त्यावर भिजलेले जू घासले की एका दिवसात कातडे सोलवटते. ओल्या पोत्याची घडी खाली घालणे हाही उपाय नव्हे, ते आणखी घासते. आणि चौथे, आराम. उन्हाळाभर दावणीला बांधून ठेवलेला बैल मिरगाच्या पहिल्या वाफशाला एकदम दिवसभर जुंपायचा. माणसालासुद्धा हे सोसत नाही. नव्या गोऱ्ह्याची मान तर आणखी कोवळी. त्याला आधी रिकामी गाडी, मग हलका कुळव, असे आठवडा-दोन आठवडे चढवत न्यावे.

गाडीचे गणित आणखी वेगळे. भार मागे गेला की गाडी उलार होते हे सगळ्यांना दिसते. पुढे आला तर ते दिसत नाही, तो सगळा बैलाच्या मानेवर दाबतो. आसावर तोल राहील असे भरणे हीच खरी भरणी.

सूज आली, हाताला गरम लागली, की सगळ्यात मोठे औषध म्हणजे जू न ठेवणे. पहिले दोन-तीन दिवस थंड पाण्याच्या पट्ट्या. सूज जुनी होऊन घट्ट झाली असेल, तर शेक आणि डॉक्टर सांगतील ते मलम. पू झाला तर तो डॉक्टरनेच काढायचा. सुई टोचून बघणे, बिब्बा लावणे, जळके ऑइल चोपडणे आणि डागणे हे उद्योग बंद करा. डागल्याने गाठ जात नाही, वर जखमेची भर पडते. दुर्लक्ष झालेली गाठ पुढे लाकडासारखी होते, मग ती शस्त्रक्रियेनेच निघते, आणि तोवर पेरणी निघून गेलेली असते. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल, तर १९६२ हा फिरत्या पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त खांदे बघायचे असतील, तर गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गाडीतळावर जावे. बीड-नगरकडून आलेले मजूर पहाटे ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, टायरगाडीत भरतात, आणि मग गव्हाणीपर्यंत रांग. टनावर पैसे, त्यामुळे दोन-दोन, अडीच-अडीच टन भरले जाते. यात एकट्या गाडीवानाला दोष देणे सोपे आहे. उचल फेडायची असते त्याच्या डोक्यावर. कारखान्याने रांगेत सावली केली, पाण्याचा हौद भरता ठेवला आणि गाडी लवकर रिकामी केली, तर बैलाचे निम्मे हाल वाचतील.

कायदा काय सांगतो, हेही ऐका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम झाले. गाडीला किंवा ओझ्याला लावलेल्या जनावराकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. सलग ५ तासांपलीकडे विश्रांतीवाचून राबवू नये. पारा ३७ अंशांच्या वर असेल, तर दुपारी १२ ते ३ जुंपू नये. किती वजन भरावे याची मर्यादा बैलाच्या वजनावर आणि चाकाच्या प्रकारावर ठरवलेली आहे. पराणीला लावलेली लोखंडी आरही नियमात बसत नाही. साठ वर्षे झाली या नियमांना. किती ग्रामपंचायतींच्या फलकावर ते लागले, सरपंच आणि ग्रामसेवकांनी सांगावे.

२०२२ मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊसगाडीला दोन बैलांच्या मध्ये पुढे एक जादा चाक बसवून दाखवले. मानेवर येणारा भार त्या चाकावर जातो. त्याची छायाचित्रे देशभर फिरली. कल्पना साधी आहे, गावच्या सुताराला-लोहाराला समजेल अशी. छायाचित्रांच्या मानाने चाके मात्र रस्त्यावर दिसली पाहिजेत. कारखान्यांनी गाड्या बांधून घेतानाच हे चाक लावून घेतले, तर काय बिघडेल?

त्याच वर्षी लम्पी आला. ज्याचा बैल दगावला त्याला शासनाने २५ हजार रुपये दिले. मदत झाली, नाही म्हणू नये. पण तेवढ्या पैशात जोडीला जोड मिळेल असा बैल कुणी बाजारातून आणून दाखवावा.

ग्रामपंचायतीला फार खर्च नाही. दवाखान्याजवळ एक मजबूत खोडा, वेशीजवळ भरलेला हौद, ऊसतोड टोळी उतरते तिथे चार झाडांची सावली. आणि एक गोष्ट. चढावरचा सिमेंटचा रस्ता गुळगुळीत करू नका, आडव्या रेघा ओढा. बैलाच्या प्रत्येक पायाला दोन खूर, दोन पत्र्या, म्हणजे अंगावर आठ पत्र्या. ओझ्याची गाडी घेऊन त्या सिमेंटवर तो घसरला, की मान आणि गुडघे दोन्ही जायबंदी होतात.

शेतकऱ्याने रोज करायचे ते एवढेच. सांजेला जू उतरवल्यावर वैरण टाकण्याआधी बैलाच्या मानेवरून उघडा हात फिरवा, दोन्ही बैलांच्या, एकामागून एक. एखादी जागा गरम लागली, हात लागताच त्याने कातडी थरथरवली किंवा मान बाजूला घेतली, तर उद्याचे कोळपे परवावर ढकला, नाहीतर शेजाऱ्याची जोडी मागा.