आमच्या दाराला टकटक का झाली नाही?



लंडनला आल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट. शनिवारी सकाळी एका पक्षाच्या कार्यकर्त्या आजी हातात यादी घेऊन आमच्या गल्लीत आल्या. डावीकडच्या घरी टकटक, उजवीकडच्या घरी टकटक, आमचं दार मात्र वगळलं! मी बाहेर जाऊन विचारलं.

"तुमचं नाव यादीत नाही."

"अहो, आमचा पासपोर्ट भारताचा आहे."

"मग काय झालं? तुम्ही कॉमनवेल्थचे नागरिक. नाव नोंदवा!"

वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयाला इथल्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पक्ष म्हणजे नागरिकांची एक शाळाच असते. मुंबईत आमचं मतदान केंद्र कुठे आहे, पाण्याची तक्रार कुठे करायची, हे पक्षाच्या शाखेतली मुलंच सांगायची. इथे ते काम पत्रकं आणि दारावरच्या गप्पा करतात. खासदाराची 'सर्जरी' म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, गाऱ्हाणी ऐकण्याची वेळ, हेही असंच समजतं. पक्षाचे सदस्य झालात तर उमेदवार निवडण्यातही भाग घेता येतो.

पण या शाळेत सगळ्यांना सारखं शिकवत नाहीत, बरं का. पक्षांना मतदारयादीची प्रत मिळते. कार्यकर्ते थोडे, वेळ कमी. त्यामुळे ते यादीतल्या घरीच जातात. त्यातही आपल्या मतदारांकडे आणि तळ्यात-मळ्यात असलेल्यांकडे आधी. जिथे चुरस आहे तिथे जास्त फेऱ्या, जिथे निकाल ठरल्यासारखा तिथे कमी. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमध्ये नोंदच नाही, तर शोधून सापडणार काय? नाव नाही म्हणून कोणी येत नाही, कोणी येत नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून नाव नोंदवलं जात नाही!

हे चक्र आपणच तोडायचं. नोंदणी ऑनलाइन होते. २०१४ पासून प्रत्येकाला स्वतःचं नाव स्वतः नोंदवावं लागतं, म्हणजे नवऱ्याने अर्ज भरला म्हणून बायकोचं नाव आपोआप लागत नाही. २०२३ पासून मतदानाला फोटो ओळखपत्र लागू लागलं, त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो.

त्या आजींच्या पक्षाला मी मत दिलं का, ते गुपित! पण आता आमच्या दारावर सगळ्याच पक्षांची टकटक होते. मीही चहा विचारतो आणि शाळेच्या प्रवेशापासून बसच्या वेळांपर्यंत प्रश्नही विचारतो.

मंडळी, तुमचं नाव यादीत आहे ना?