गाजरगवत : हिरवे, पण चाऱ्याचे नव्हे

गाजरगवत हे गवतच नव्हे, ही गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. ही वनस्पती सूर्यफूल आणि शेवंती यांच्या कुळातली. मूळची मेक्सिको व त्याभोवतालच्या उष्ण प्रदेशातली. आपल्या पुण्याशी मात्र तिचे नाते जुने आहे. १९५५ च्या सुमारास ती येथे आढळली आणि १९५६ साली तिची नोंद प्रसिद्ध झाली. पी. एल. ४८० च्या गव्हातून ती आली असे आपण सर्रास म्हणतो. परंतु त्या कायद्याखालील भारताचा करार ऑगस्ट १९५६ मधला. आधीच्या एखाद्या धान्यातून बी आले असेल तर असेल, पण दोष देताना तारीख पाहावी हे बरे!

ओळखावे कसे? कोवळे रोप जमिनीलगत चक्राकार पसरते. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली. पुढे खोड वर चढते. त्यावर उभ्या रेघा व बारीक लव असते. शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढे, पाच कोपऱ्यांचे. म्हणूनच कोणी तिला चटकचांदणी म्हणतात. नाव गोड आहे, पण एका झाडाला दहा हजारांहून अधिक बी धरते.

खरी हानी गायरानात दिसते. या झाडात पार्थेनिन नावाचे कडू, विषारी द्रव्य आहे. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. आसपासचे चांगले गवत तेवढे खातात. म्हणजे चराईनेच या तणाला मोकळी जागा मिळते. शिवाय ते शेजारच्या बियांची उगवण रोखते. लांबून रान हिरवेगार, पण गाय उपाशी! भुकेपोटी तिने ते खाल्लेच तर दूध कडू होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांतही हेच घडले आहे.

माणसालाही ते सोडीत नाही. अंगावर चट्टे उठतात, खाज सुटते. परागांमुळे काहींना दमा होतो. एकदा कातडीला याचे वावडे जडले, की ते सहजी जात नाही. म्हणून उघड्या हाताने ते उपटू नये. हातमोजे घालून, फुलण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून मुळासकट काढावे; नुसते कापले तर बुडातून पुन्हा फुटते.

मेक्सिकोतला एक भुंगेरा १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पानांचा फडशा पाडतो, पण कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो, आणि गाजरगवत ओल मिळेल तेथे बाराही महिने उगवते.