बोअरच्या पाण्यातली हिरवाई

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. ‘जलदूत’च्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी होत्या, त्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी. ज्या शहराने हे दिवस काढले, तिथे घरात मासे पाळायचे तर पाण्याचा हिशोब आधी होतो. त्यामुळे फिशटँकमध्ये खऱ्या वनस्पती लावायच्या की प्लॅस्टिकच्या, हा इथे नुसत्या शोभेचा प्रश्न उरत नाही.

दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. आठवड्याला त्यातलं पाव पाणी बदलायचं म्हणजे एक हंडा गेला. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो, म्हणून ही बदलाबदल. जिवंत वनस्पती हाच अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्रेट खत म्हणून शोषून घेतात. झाडं जोमात आणि मासे मोजके असतील, तर पाणी बदलायला चार दिवस उशीर झाला तरी निभतं. प्लॅस्टिकचं पान यातलं काहीच करत नाही.

पण कोणतीही वनस्पती आणून चालत नाही. मराठवाड्याखाली काळा बेसॉल्ट. बोअरचं पाणी बहुधा जड. दुकानात भुरळ घालणारी लालचुटुक, नाजूक रोपं अशा पाण्यात बहुतेकदा मान टाकतात. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया मात्र आपल्याच तळ्या-ओढ्यांतल्या. कार्बन डायऑक्साइड कमी पडला की त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवतात, म्हणून जड पाणी त्यांना मानवतं. भर उजेडात हायड्रिलाच्या पानांवरून बारीक बुडबुडे सुटत राहतात. अशा पाण्यातलं जुनं पान बोटांत धरलं तर खरखरीत लागतं. त्यावर चुन्याचा पातळ थर बसलेला असतो. जावा फर्नही काटक. फक्त तिचं आडवं खोड वाळूत पुरू नये, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधावं.

उन्हाळ्यात मात्र जपावं लागतं. नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. झाडांनी गच्च भरलेल्या टाकीत वीज जाऊन एअर पंप थांबला, तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. इथे प्लॅस्टिकवाला निवांत.

गोल्डफिश पाळणाऱ्यानेही खऱ्या झाडांचा हट्ट धरू नये. तो कोवळी पानं कुरतडतो, मुळं उकरतो. त्याच्यासाठी कृत्रिम झाडंच बरी. फायटरसाठी घेताना मात्र नायलॉनचा मोजा पानावरून फिरवून पाहावा. धागा अडकला, तर त्याच कडेने माशाच्या लांब पंखांच्याही चिंध्या होतील. अशा वेळी मऊ कापडी पानं घ्यावीत. ‘प्लॅस्टिकला काही करावं लागत नाही’ ही दुकानदारी झाली. त्यावर शेवाळ धरतं, क्षारांचे पांढरे डाग पडतात. ते व्हिनेगरमध्ये भिजवून, स्वच्छ खळबळून काढावे लागतात.

हायड्रिला भराभर वाढते, छाटणी ठरलेलीच. तो पाला ओढ्यात किंवा गोदावरीत सोडू नये. नांदेडकर नदीतली जलपर्णी पाहतच आले आहेत, आणि ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. हायड्रिलाचा प्रवास उलटा: 1950च्या दशकात ती श्रीलंकेतून फिशटँकच्या व्यापारात अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तिथल्या तळ्या-कालव्यांत माजली. छाटलेला पाला उन्हात वाळवून कुंडीत घातला की त्याचं खत होतं.