कुणी न पाहिलेली पहाट

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि ते काम पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटले. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पण कॅथलिकांचा ईस्टर समजून घ्यायचा तर त्याच ग्रंथातली शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्रकथा, उघडाव्या लागतात. नाताळ सगळ्या गावाला कळतो. ईस्टर हा ख्रिस्ती श्रद्धेतला सर्वांत मोठा सण, तरी तो कधी येऊन गेला हे शेजाऱ्यालाही कळत नाही. म्हणून तो फिका सण आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ही शांतता सणाच्या गाभ्यातूनच आलेली आहे.

येशूच्या जन्माच्या वेळी लूकच्या शुभवर्तमानात देवदूतांचा समुदाय स्तुती करतो, मेंढपाळ धावत येतात. ईस्टर ज्याचा सण, त्या पुनरुत्थानाचं, म्हणजे येशूच्या मरणातून उठण्याचं, मात्र चारही शुभवर्तमानांत वर्णनच नाही. ते घडताना कुणी पाहिलं नाही. भल्या पहाटे स्त्रिया कबरीपाशी जातात, तेव्हा ती रिकामी असते. मग्दालिया मरियेला येशू बागेत भेटतो, तर ती त्याला माळी समजते. नावाने हाक मारल्यावर ओळखते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोन्‌मैल चालतात आणि त्याला ओळखतात ते जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. बाग, वाट, जेवणाची पंगत: मृत्यूवरच्या विजयाची बातमी अशा ठिकाणी पोचली. मग तिचा सण प्रार्थनेत आणि घरच्या ताटाभोवती साजरा व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

चर्चची उपासनाही याच वळणाने जाते. राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. पवित्र गुरुवारी संध्याकाळी घंटा वाजतात आणि मग थेट ईस्टरच्या जागरणापर्यंत मुक्या होतात. वेदीवरची वस्त्रं काढली जातात. गुड फ्रायडेला मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, होत नाही. शनिवारी रात्री या जागरणात अंधारात नवा अग्नी पेटवून त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि चालू वर्षाचे चार अंक कोरलेले असतात. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे बसवलेले असतात. त्या ज्योतीवरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते आणि काळोखं चर्च हळूहळू उजळतं. त्यानंतर घंटा पुन्हा वाजतात, तेव्हा त्यांचा नाद अंगावर येतो. कारण मधले दोन दिवस त्या वाजलेल्या नसतात.

यावर कुणी म्हणेल, सण चार लोकांत मिसळायला असतात. अशा अंतर्मुख सणात माणूस आपल्यापुरताच उरतो. आक्षेप रास्त आहे, पण शांतता म्हणजे एकटेपण नव्हे. जागरणाला सगळा धर्मग्राम, म्हणजे त्या चर्चचा सगळा समाज, एकत्र असतो. पवित्र गुरुवारी धर्मगुरू वाकून इतरांचे पाय धुतात. प्रायश्चित्तकाळात प्रार्थना आणि उपवासाच्या जोडीला दानधर्म सांगितलेला आहे. आपल्या ताटातलं कमी केलेलं दुसऱ्याच्या ताटात जावं, हा त्यामागचा विचार. दुसरा आक्षेप परकेपणाचा: हा सण बाहेरून आलेला. पण इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली, ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेतल्या उपासनेला वाट दिली आणि वसईसारख्या भागातले कॅथलिक मराठीतून मिस्सा ऐकू लागले. चारशे वर्षं ज्या भाषेत ही कथा सांगितली जाते, त्या भाषेला ती परकी कशी म्हणायची?

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: एवढी शांतता असेल तर आनंद कुठे? आनंद आहे, आणि ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो. पण हा आनंद दुःखाला बाजूला सारून येत नाही. आपल्याकडे घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. गोडधोड होत नाही, दाराला तोरण लागत नाही. ईस्टर मात्र नेमका अशाच घराचा सण आहे. कबरीकडे निघालेल्या स्त्रियांच्या हातात फुलं-मिठाई नव्हती, प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं होती. त्या शोकात निघाल्या होत्या आणि पहिली बातमी त्यांनाच मिळाली. ज्या घरात यंदा एक पान कमी वाढलं जातं, त्या घरालाही हा सण करता यावा, म्हणून त्याने आवाज खाली ठेवला आहे.