वसमत पास, हिंगोली नापास!

शुक्रवार संध्याकाळ. हिंजवडीतून निघणारी बस पकडायची, घरी बॅग टाकायची आणि मैत्रिणींबरोबर पिक्चर, असा साधासुधा प्लॅन. तेवढ्यात मोबाइल वाजला. सेनगावहून मामी!

‘‘अगं बाई, तुझ्या त्या फॉर्मात माझं नाव घेईना गेलंय. योग्य नाव लिहा म्हणायलंय. साठी उलटली माझी, आजवर कुणी नाव ठेवलं नाही माझ्या नावाला!’’

मी जाम हसले. मग लक्षात आलं, ‘कृपया योग्य नाव लिहा’ हे वाक्य फॉर्ममध्ये टाकलं होतं ते मीच.

आधी थोडा फ्लॅशबॅक. माझं माहेर हिंगोली जिल्ह्यातलं. ‘हिंगोली म्हणजे नक्की कुठे गं?’ हा प्रश्न पुण्यात मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. मंडळी, १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा, गाड्यांचा नंबर एमएच ३८, आणि हळद! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर तिकडच्या एका शेतकरी कंपनीला सभासद नोंदणीसाठी वेबसाइट हवी होती. हळदीचे पैसे थेट खात्यात जाणार, म्हणून प्रत्येक सभासदाचं नाव, गाव, मोबाइल, बँक खातं नीट भरलेलं हवं. मी म्हटलं, हात्तिच्या! दोन वीकएण्डचं काम. फुकट करून देते.

काम जँगोत करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलेलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं हे फ्रेमवर्क. नाव ठेवलंय जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. त्याचा डावा हात भाजला होता, तरी दोन बोटांवर तो अशी गिटार वाजवायचा की बाकीच्यांनी पाचही बोटं तोंडात घालावीत. असो. जँगोत लॉगिन, पासवर्ड, नोंदणीचा फॉर्म सगळं रेडीमेड मिळतं. पण रेडीमेड शर्टाचं जे होतं तेच इथंही. शेतकरी यूजरनेम कुठून आणणार? त्याला मोबाइल नंबरनेच आत येता यायला हवं. म्हणून मी यूजर स्वतःचा शिवला. तशी सोय जँगोत २०१३ पासून आहे.

पहिला फटका तिथेच बसला. यूजर माझा, पण फॉर्म मात्र जुन्या यूजरच्या मापाचा. स्क्रीनवर एरर आली. तिचा मराठीत अर्थ काय, माहितेय? ‘मॅनेजर उपलब्ध नाही’! आमच्या ऑफिसात ही एरर रोज येते, त्यामुळे मी घाबरले नाही. फॉर्मला नवा यूजर दाखवून दिला, पासवर्ड सेव्ह करताना तो तसाच न ठेवता हॅश होईल हे बघितलं, आणि ते प्रकरण तासाभरात मिटलं.

मग नाव आणि गाव या रकान्यांकडे वळले. लोक काहीबाही टाइप करतात, तेव्हा नावात फक्त अक्षरंच यावीत अशी चाळणी लावायला हवी. जँगोत यूजरनेमसाठी अशी एक चाळणी तयारच असते, तिच्या नावातच ‘युनिकोड’ आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या, म्हणजे मराठी आलीच की! तीच उचलली, मध्ये स्पेस चालेल एवढी सवलत दिली आणि दोन्ही रकान्यांना चिकटवली. टेस्टिंगसाठी नाव टाकलं पवन. गाव वसमत. सबमिट. ओक्के! कंपनीच्या संचालकांना व्हिडिओ कॉलवर डेमो दिला, तेव्हाही पवन आणि वसमतच. तिकडून टाळ्या.

आठवडाभरात फोन सुरू झाले. केंद्रावर कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा मला ताई म्हणतो. ‘‘ताई, बटण दाबलं की पान परत कोरं होऊन यायलंय.’’ हा घोळ ओळखीचा होता. फॉर्मचं पान मी हाताने सजवलं होतं, त्या नादात चुका दाखवायची जागाच ठेवली नव्हती. आत फॉर्म बोंबलत होता आणि बाहेर आवाज येत नव्हता. कुणी तुम्हाला ‘फॉर्म सबमिटच होत नाही’ म्हणालं, तर आधी फॉर्मच्या पोटातल्या एरर्स छापून बघा. निम्मी दुखणी तिथेच सापडतात. मी लंच टाइममध्ये दुरुस्ती केली, आणि त्या दिवसापासून कोऱ्या पानाऐवजी लोकांना ‘कृपया योग्य नाव लिहा’ दिसू लागलं.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्या मुलाला म्हटलं, ‘‘तू जुन्या फॉण्टमध्ये टाइप करत असशील. युनिकोड वापर.’’ तो म्हणाला, ‘‘युनिकोडच हाय ताई.’’ मी म्हटलं, ‘‘मग नीट बघून टाइप कर.’’ माझ्याकडे चालतंय, म्हणजे तुझीच चूक. आयटीतल्या प्रत्येकाने हे वाक्य आयुष्यात एकदा तरी फेकलेलं असतं.

यानंतर चार दिवस फोन आला नाही. मला वाटलं, मिटलं. आणि मग शुक्रवारी मामी.

पिक्चर गेला उडत. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली आणि सकाळी हिंगोलीत उतरून थेट केंद्रावर गेले. सोमवारी नोंदणीची शेवटची तारीख होती. मुलाने हसतमुखाने सांगितलं, ‘‘ताई, आता घ्यायलंय. मी युक्ती काढली.’’ त्याने यादी उघडली, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

नमदव. परवत. रकमण. वठठल.

‘‘काना-मात्रा काढली की घेतंय,’’ तो म्हणाला.

नामदेवांचा झाला होता नमदव, पार्वतीबाईंचं परवत, रुक्मिणीबाईंची रकमण. आणि हे कुठे, तर ज्या जिल्ह्यात संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आहे, तिथे! नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे. माझा फॉर्म मात्र जागचा हलला नव्हता. गावांच्या नावांचीही तीच गत. जिल्ह्यात तालुके पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. यातला चाळणीतून जाणारा एकच, वसमत. कारण त्यात ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. औंढ्याचं औढ झालं होतं. हिंगोलीचं काय झालं ते छापण्याजोगं नाही. तुम्हीच काना-मात्रा काढून बघा!

म्हणजे पवन, कमल, शरद, भरत, कदम ही मंडळी खुशाल आत, बाकीचा जिल्हा दारात उभा. पहिलीत मुलांना आधी काना-मात्रा नसलेले शब्द शिकवतात. माझा फॉर्म त्याच धड्यावर अडकला होता, आणि मी टेस्टही त्याच धड्यातल्या शब्दांनी घेतली होती.

लॅपटॉप उघडला. एकेक अक्षर सुटं करून पायथॉनला विचारायला सुरुवात केली, हे अक्षर आहे का? ‘न’? हो. ‘म’? हो. काना? नाही. मात्रा? नाही. वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह? नाही, नाही, नाही. युनिकोडच्या हिशेबात ‘न’ हे ‘लेटर’, आणि काना-मात्रा हे ‘मार्क’. चाळणी चालते बॅकस्लॅश-डब्ल्यू या खुणेवर, आणि पायथॉनमध्ये त्या खुणेत लेटर आणि आकडे बसतात, मार्क बसत नाहीत. इंग्रजीत असं काही लटकत नसल्यामुळे तिकडे कुणाचं बिघडत नाही. आपल्याकडे मात्र लटकणारं काढलं की माणूसच बदलतो. औ सुटला, कारण तो स्वतंत्र स्वर, म्हणजे लेटर. पायथॉनच्या बग नोंदीत देवनागरीची हीच तक्रार २००७ साली करून ठेवलेली आहे. मी नवं काहीच शोधलं नव्हतं. फक्त ‘युनिकोड’ हे नाव वाचून निश्चिंत झाले होते.

गंमत बघा, याच जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये, आणि अणूच्या केंद्रकापेक्षाही कितीतरी सूक्ष्म थरथर पकडायची. आणि मला एक वेलांटी पकडता आली नाही.

दुरुस्ती तशी छोटी होती. आधी चाळणीत देवनागरीचा अख्खा पट्टा टाकला, ०९०० ते ०९७एफ. लगेच कऱ्हाळे आडनाव अडकलं! हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि पुढे न दिसणारं एक जोडणीचं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला दोन वेगळी माणसं. ते अदृश्य चिन्ह देवनागरीच्या पट्ट्यात नाहीच. म्हणून सेव्ह करण्याआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घेतला, नाहीतर एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी नोंदले गेले असते. मग चहा पिता पिता विचार केला, नावाला चाळणी हवीच कशाला? कुणाचं नाव योग्य आणि कुणाचं अयोग्य हे ठरवणारी मी कोण? चाळणीच काढून टाकली. रकाना रिकामा नको आणि फार लांब नको, एवढंच ठेवलं. ‘कृपया योग्य नाव लिहा’ डिलीट केलं.

पण कोड दुरुस्त झाला म्हणून यादी दुरुस्त होत नाही. परवत म्हणजे पार्वती की पर्वत, हे कुठलाच प्रोग्रॅम सांगू शकत नाही. बँकेच्या पासबुकावर पार्वती आणि आमच्या यादीत परवत असतं, तर हळदीचे पैसे अडकलेच असते. म्हणून शनिवार-रविवार आम्ही दोघं फोन घेऊन बसलो. ‘‘काका, नाव सांगा, पासबुकावर आहे तसं.’’ एका आजोबांनी विचारलं, ‘‘कायला? माझं नाव तुमच्याकडं हाय की.’’ मी म्हटलं, ‘‘आहे, पण आम्हीच चुकीचं लिहिलंय.’’ त्या मुलाचीही माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘जाऊ द्या ताई, तुम्ही नीट टाइप कर म्हणाल्या, मग मी नीट केलं.’’ हा टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी दुपारी मामी सेनगावहून एसटीने आल्या. साक्षरता वर्गात त्या लिहायला शिकल्या, तेही लग्नानंतर. त्यांच्या नावात रफार आहे आणि दुसरी वेलांटी.

‘‘हा रफार शिकायला मला एक उन्हाळा गेला,’’ खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. ‘‘तुझ्या मशीनला किती दिवस लागले?’’

‘‘दोन महिने, मामी.’’

‘‘मग बरं हाय.’’

नाव त्यांनी स्वतःच टाइप केलं, एका बोटाने. रफार कुठून काढायचा ते मुलाने दाखवलं. बटण दाबलं आणि हिरव्या पट्टीवर नाव आलं. मामींनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ तोंड नेऊन रफार, काना, वेलांटी बोटाने मोजली आणि म्हणाल्या, ‘‘आता खाली बँकेचं भर. पाचची गाडी हाय मला.’’

यादीत तेव्हा एकच नाव उरलं होतं, एक रकमण. फोन लागत नव्हता. मुलाने तिच्या गावाची वाट विचारून घेतली आणि मोटरसायकलला किक मारली.