वेगवेगळ्या धर्मांची मुले एकत्र येतात तेव्हा

वेगवेगळ्या धर्मांची मुले एकत्र आणली म्हणजे त्यांच्यात स्नेह वाढेल, असे आपण सगळेच म्हणतो. त्यासाठी दिवाळीचा फराळ होतो, ईदचा शीरखुर्मा होतो, नाताळचा केक होतो. एखादे एकात्मतेचे गीत, पाहुण्यांचे चार शब्द, की मंडळी आपापल्या घरी! यात वाईट काय? काहीच नाही. पण एवढ्याने मने जुळतात का, असे कुणी विचारले, तर उत्तर देण्याआधी थोडे थांबावे लागेल.

1954 च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शरीफ ह्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात 22 मुलांचे शिबिर भरवले. मुले 11-12 वर्षांची. आणि गंमत अशी, की सगळी एकाच पंथाची, सारख्याच घरांतली. शरीफांनी त्यांचे दोन गट पाडले आणि गटागटांत सामने लावले. झाले! मुलांची मजल एकमेकांची निशाणे जाळण्यापर्यंत गेली. म्हणजे वैर जन्माला यायला धर्मच लागतो असे नाही. ‘आम्ही’ आणि ‘ते’ एवढे दोन शब्द पुरतात.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र सिनेमा दाखवला. परिणाम काय? पोरांनी एकमेकांवर अन्न फेकले! मग शिबिराचे पाणी बंद झाले. ते चालकांनीच बंद केले होते, पण मुलांना काय ठाऊक? सगळ्यांनी मिळून अडलेली तोटी शोधली. मोटार चालू होईना, तेव्हा दोन्ही गटांनी दोर लावून ती ओढली. असे होता होता कडवटपणा ओसरला. परत जाताना मुले म्हणाली, आम्ही एकाच बसने जाऊ.

त्याच वर्षी हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात हेच सूत्र मांडले. भेटीचा उपयोग केव्हा होतो? दोघांचा दर्जा सारखा असेल, ध्येय एक असेल, काम मिळून करायचे असेल आणि वडीलधाऱ्यांचा व संस्थेचा त्याला पाठिंबा असेल, तेव्हा.

आता कुणी म्हणेल, अहो, निशाणाचे भांडण निराळे आणि ज्या भांडणात माणसे मेली ते निराळे. खरे आहे. तिथे काम हवेच. पण बोलणेही हवे. 1993 साली जॉन वॉलक ह्या पत्रकाराने अमेरिकेतल्या मेन राज्यात ‘सीड्स ऑफ पीस’ नावाचे शिबिर सुरू केले. पहिल्या वर्षी इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन अशी 46 मुले आली. राहणे, जेवणे, खेळणे एकत्र. शिवाय चर्चेच्या बैठकी. तिथे गोड बोलण्याची सक्ती नव्हती. मनातला राग समोर मांडायचा आणि समोरच्याचाही ऐकायचा.

शिकागो विद्यापीठाच्या जूलियाना श्रोडर आणि जेन रायझन यांनी ह्या शिबिराचा अभ्यास करून 2014 साली निष्कर्ष मांडले. घरी परतल्यावर मुलांच्या मनातली आपुलकी थोडी ओसरली, पण पुरती गेली नाही. ज्यांना पलीकडच्या बाजूचा एक तरी जिवाभावाचा मित्र मिळाला, त्यांच्यात बदल अधिक दिसला. हे लक्षात घेण्यासारखे आहे. शंभरांना हात जोडण्यापेक्षा एकाच्या घरचे सुखदुःख ठाऊक असणे अधिक मोलाचे.

आपल्याकडे 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरतात. तिथे हे सहज करता येईल. बंधाऱ्याच्या कामाला टोळ्या पाडताना मुले आपापल्या वस्तीचे सोबती घेऊन उभी राहतात. त्या टोळ्या मिसळून टाका. स्वयंपाकाची, हिशेबाची, पुढारीपणाची पाळी रोज बदला. रात्री एक प्रश्न समोर ठेवा: “आमच्याविषयी लोक जे बोलतात, त्यातले काय टोचते?” शिक्षकाने त्या वेळी कमी बोलावे. आणि शिबिर संपल्यावर महिन्याभराने मुलांना पुन्हा बोलवावे. हे बहुधा राहून जाते.

पुढारीपणाची खरी परीक्षा शिबिरात होत नाही. ती होते आपल्याच गल्लीत. कट्ट्यावर कुणी म्हणतो, “ती माणसं असलीच!” सगळे माना डोलावतात. तेव्हा सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीने वा मुलाने म्हणावे, “थांबा, त्यांच्यातल्या एकाला मी ओळखते,” “मी ओळखतो.” आपल्याच माणसांसमोर असे बोलायला फार धैर्य लागते. ते धैर्य मुलांना मिळावे, यासाठी हा सगळा खटाटोप.