पंपातले डावे-उजवे औषध

ऊसतोडीचा हंगाम लागला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की इकडे शिवारात पाचटही पेटते. तो धूर वस्तीत शिरला म्हणजे दमेकऱ्याची रात्र उशाला टेकून बसूनच जाते. चुलीचा धूर वेगळाच. मग पंप निघतो, आणि घरात वाद सुरू होतो : अस्थालिन घ्यायचा का लेव्होलिन? दुसरा ‘शुद्ध’ म्हणे!

दोन्ही नावे सिप्ला कंपनीची. तिचा एक कारखाना आपल्या शेजारी, दौंड तालुक्यात कुरकुंभला आहे.

अस्थालिनमधले सालब्युटामॉल १९६९ पासून वापरात आहे. त्याचे रेणू दोन प्रकारचे, निम्मे-निम्मे. घटक तेच, पण एक दुसऱ्याचे आरशातले रूप. जशी डाव्या आणि उजव्या पायाची चप्पल. रेणूंमधला हा डावे-उजवेपणा लुई पाश्चर यांनी १८४८ साली दाखवला. द्राक्षाच्या दारूच्या गाळात सापडणाऱ्या आम्लाच्या क्षाराचे स्फटिक त्यांनी चिमट्याने वेगळे केले होते.

श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूवर बीटा-२ नावाच्या जागा असतात. डावे रूप तिथे नेमके बसते, आवळलेला स्नायू सैल पडतो, वाट मोकळी होते. उजवे रूप तिथे जवळजवळ बसतच नाही, मात्र शरीरात जास्त वेळ रेंगाळते. प्रयोगशाळेत काही संशोधकांना असे दिसले, की या उजव्या रूपाने स्नायू उलट चिडका होतो. म्हणून फक्त डाव्या रूपाचे औषध निघाले. अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये परवानगी मिळाली. एका फवाऱ्यात सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम, तर लेव्होसालब्युटामॉल ५०. म्हणजे कामाचा भाग तेवढाच.

पण माणसांवरच्या चाचण्यांत ठळक फायदा सातत्याने दिसला नाही. तेव्हा लेकराला साधा पंप दिला म्हणून कोणत्याही आईने मन खाऊ नये. बुद्धांनी कालामांना पारखून घ्यायला सांगितले, ते औषधालाही लागू आहे. मग अंगाऱ्याची तर गोष्टच सोडा.

आम्हाला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे दोन्ही पंप स्नायू सैल करतात, नळीच्या आतली सूज उतरवत नाहीत. त्यासाठी स्टेरॉइडचा पंप लागतो. ‘स्टेरॉइड’ ऐकून घाबरू नका. ओढलेली मात्रा फार थोडी असते, फक्त नंतर चूळ भरावी. जागतिक मार्गदर्शनानेही २०१९ पासून नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नका असेच सांगितले आहे.

दोनशे फवाऱ्यांचे तीन पंप वर्षात संपत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. डॉक्टरांना तो आकडा सांगा. आणि एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळे पडले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.